हेळव्याची चोपडी आणि काळविटाची भाऊबंदकी

गड्ड्याची जत्रा उरकली की आमच्याकडे गावाला हुरड्याला जायचं ठरलेलं असतं. गाव अक्कलकोट तालुक्यात, सोलापुरातून एसटीने तास-सव्वा तास. यंदा गेले तर अंगणात एक अनोळखी बैल बांधलेला आणि ओट्यावर हेळवी बसलेला, समोर चहाची बशी आणि मांडीवर ती जाडजूड चोपडी.

ज्यांना हेळवी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ही घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी मंडळी. कर्नाटकात आणि आपल्या सोलापूर-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फिरतात, काही वर्षांनी एकदा दारात येतात, घरात नवीन कोण जन्मलं ते लिहून घेतात, जुनी नावं घडाघडा वाचून दाखवतात आणि धान्य, कपडे, पैसे काय मिळेल ते घेऊन पुढच्या गावाला जातात. आमचा हेळवी अर्धं कन्नडमध्ये वाचतो, अर्धं मराठीत, मध्येच कुणाच्या तरी पराक्रमावर सूर लावतो. लहानपणी मला भयंकर कंटाळा यायचा, आता मात्र मांडी ठोकून बसते.

तर भाचा पण तिथेच होता, दादाचा मुलगा, यंदा दहावीला. वहिनींनी हुरड्याला येतानाही त्याच्या बॅगेत विज्ञान भाग दोन कोंबलेलं होतं आणि त्यातला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. पोरगं हुशार आहे पण या धड्यावर अडून बसलेलं. वर्गातल्या कुणीतरी विचारलेलं, "माकडापासून माणूस झाला तर मग माकडं अजून का आहेत बे?" आणि याला उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून राग.

मी बीएस्सी बॉटनी केलं त्याला आता वीस वर्षं होऊन गेली, पुढे पोटापाण्याला लागले ते एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायला, पण हा विषय काही डोक्यातून गेला नाही, रविवारी दुर्बीण घेऊन नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात जायचं व्यसन त्यातूनच लागलं. मी त्याला पाठ्यपुस्तकी उत्तर देणार तेवढ्यात हेळव्याने वाचायला सुरुवात केली. अमुक मूळपुरुष, त्याला दोन मुलगे, थोरला इथेच राहिला, धाकटा अफजलपूरकडे गेला, थोरल्याला तीन, त्यातला मधला निपुत्रिक, असं सुरू झालं. आणि मला एकदम वाटलं अरे हेच तर आहे की उत्तर.

म्हटलं, "अफजलपूरचे काका तुझे पूर्वज आहेत का रे?"

"काहीही काय आत्या, ते मागच्या महिन्यात लग्नात जेवायला आपल्या पंक्तीला होते."

"मग आपण इथे आहोत तर ते अजून का आहेत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. झालं, धडा तिथेच अर्धा संपला होता. आजची माकडं म्हणजे आपली अफजलपूरची पाती. आपण त्यांच्यापासून झालो नाही, ते आणि आपण एकाच मूळपुरुषापासून झालो, आणि तो मूळपुरुष आज नाही, आणि तो ना आजच्या वानरासारखा होता ना आपल्यासारखा. देवळाजवळच्या वडावर बसणारी वानरं आणि आपण यांचा फाटा फुटला तो साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी. चिंपांझी आणि आपला फाटा त्या मानाने फारच अलीकडचा, ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा. आणि यात एक गंमत लोकांच्या लक्षातच येत नाही, चिंपांझीला गोरिला जवळचा नाही, माणूस जवळचा. दिसायला चिंपांझी आणि गोरिला भाऊ-भाऊ वाटतात, दोघेही केसाळ, दोघेही काळे, पण गोरिलाची पाती आधी वेगळी झाली आणि चिंपांझी-माणूस त्यानंतरही बराच काळ एकाच घरात होते.

मला विचाराल तर सगळा विषय एवढाच आहे. कोण कुणासारखं दिसतं ते विसरा, फाटा कुठे फुटला तेवढं बघा.

पण हे म्हणायला सोपं आणि कागदावर बघायला अवघड, कारण संध्याकाळी त्याने वहीत झाड काढून दाखवलं तर त्यात माणूस एकदम उजव्या टोकाला, वर बाण, आणि डावीकडून मासा, बेडूक, पाल, ससा, वानर असे ओळीने उभे, शाळेच्या फोटोतल्यासारखे. म्हटलं हे काय करायलास? तर म्हणे सगळ्यात प्रगत शेवटी. आता ही चूक त्याची एकट्याची नाही. ते वाकलेलं माकड हळूहळू सरळ होत माणूस होतं ते चित्र इतक्या टी-शर्टवर आणि व्हॉट्सअॅपवर फिरलंय की झाड म्हटलं तरी लोकांना शिडीच दिसते.

म्हटलं मासा आज जिवंत आहे, तू आज जिवंत आहेस, म्हणजे समान पूर्वजापासून दोघांनाही सारखीच वर्षं झाली ना, मग तो मागे आणि तू पुढे कसा? उजनीतला रोहू काही माणूस व्हायच्या रांगेत उभा नाहीये, तो त्याच्या पातीत त्याच्या कामात एकदम तयार आहे. झाडावरचे सगळे शेंडे आजचे. जुनं काय असेल तर ते फाटे.

आणि शेंड्यांचा क्रम? त्याला काहीच अर्थ नसतो, हे पटवायला मला रेल्वे लागली. सोलापूरवरून गाडी निघाली की पहिलं जंक्शन होटगी. तिथून एक लाइन विजयपूर-गदगकडे जाते, दुसरी कलबुर्गीवरून वाडीला. वाडीला परत दोन फाटे, एक हैदराबादकडे, एक रायचूरकडे. आता याचा कच्चा नकाशा काढा, खाली सोलापूर, वर तीन टोकं. मी क्रम लावला विजयपूर, रायचूर, हैदराबाद. म्हटलं रायचूर कुणाच्या जवळचं? तो म्हणाला दोन्हीच्या मध्ये आहे म्हणजे दोन्हीला सारखंच. मग मी वाडीचा फाटा तसाच धरून फिरवला, आता क्रम झाला विजयपूर, हैदराबाद, रायचूर. रूळ तेच, स्टेशनं तीच, फक्त कागदावर उजवीकडचं डावीकडे गेलं. रायचूर आणि हैदराबाद वाडीपर्यंत एका गाडीत होते, विजयपूरवाला होटगीलाच उतरून गेला. जवळ कोण हे शेजारी कोण छापलंय त्यावर नाही, शेवटी एकत्र कुठपर्यंत आले त्यावर. प्रत्येक जंक्शन असं गरगर फिरवता येतं आणि नातं तसूभर बदलत नाही. त्याच्या झाडात माणूस डावीकडे, मध्ये, कुठेही टाकता येतो. हे त्याला थोडं लागलं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी परत येताना वाट वाकडी करून आम्ही नान्नजला गेलो. माळढोक दिसला नाही हे सांगायला नकोच, तो दिसणं आता लॉटरी, पण काळविटांचा कळप होता, दोन काळेकुळकुळीत नर आणि बाकी पिवळसर माद्या. दादा म्हणाला किती हरणं आहेत बघ. मी म्हटलं हरणं नाहीत. झालं, माझ्या या सवयीला घरचे कंटाळलेत, पण खरंच नाहीत. चितळ, सांबर ही खरी हरणं, त्यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाचं शिंग आयुष्यभराचं, आत हाड आणि वर खोळ, गाईबैलांसारखं, शेळीसारखं. काळवीट, चिंकारा, शेळी, मेंढी, गाय, म्हैस, नीलगाय हे सगळं एक घराणं, आणि हरणांचं घराणं शेजारच्या वाड्यातलं.

त्या घराण्यातही पुढे दोन मोठ्या पात्या. एकीत गाय, म्हैस आणि नीलगाय, दुसरीत शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा. म्हणजे नीलगाईला गाय म्हणणाऱ्यांचं बरोबर निघालं आणि काळविटाला हरीण म्हणणाऱ्यांचं चुकलं. तो उड्या मारणारा देखणा काळवीट आणि आमच्या गल्लीत वर्तमानपत्र खाणारी शेळी चुलत भावंडं, चितळ मात्र लांबचा.

आणि हे तर काहीच नाही. गाय आणि घोडा, गाय आणि डुक्कर, गाय आणि देवमासा, यात गाईला सर्वात जवळचं कोण? मी हा प्रश्न ऑफिसमध्ये डब्याच्या वेळी विचारला होता, सगळे घोडा म्हणाले, एकजण डुक्कर म्हणाला आणि त्याला शिव्या पडल्या. उत्तर देवमासा. देवमाशाचा आजचा सर्वात जवळचा नातेवाईक पाणघोडा, या दोघांची पाती गाई-हरणांच्या पातीला लागून, डुकराची त्याच्याही आधी फुटलेली आणि घोडा तर वेगळ्याच गणातला, गेंड्याच्या बाजूचा.

यातला एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी काश्मीरच्या भागातून जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकाकडे दिले. तिथे साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाजवळचं हाड उघडं पडलं, जाडजूड, अगदी देवमाशाच्या जातीत असतं तसं. प्राणी केवढा तर मांजराहून जरा मोठा, हरणासारख्या बारीक पायांचा, खूरवाला, साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. नाव इंडोहायस. २००७ साली हे छापून आलं. मला ती फुटलेली कवटी फार आवडते, म्हणजे फोडणाऱ्याच्या पोटात केवढा गोळा आला असेल आणि पुढच्या क्षणी काय झालं असेल.

पण नुसतं सारखं दिसणं पुरत नाही म्हणता आणि मग कानाच्या हाडावरून नातं लावता, हे कसं, असं भाच्याने विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. इथे मला माझं ऑफिस कामाला आलं.

आमच्या धंद्यात रेट लिस्ट फिरते. कुणीतरी एकदा बनवलेली, मग प्रत्येकजण कॉपी करतो, आपले दोन आकडे बदलतो, पुढे पाठवतो. एकदा माझ्याकडे सहा जणांच्या सहा लिस्टा आल्या आणि मला शोधायचं होतं की कुणी कुणाकडून उचललीय. आता सगळ्यांत 'चादर' असं बरोबर लिहिलंय यावरून काही कळतं का? नाही, ते मुळातच बरोबर होतं, सगळ्यांकडे तसंच येणार. पण तिघांच्या लिस्टमध्ये टॉवेलचं 'टोवेल' झालेलं, आणि त्या तिघांतल्या दोघांत एका ओळीत साइजचे आकडे उलटे पडलेले. झालं, झाड तयार. आधी एकाने टोवेल केलं, ते तिघांकडे गेलं, मग त्यातल्या एका शाखेत आकडे उलटले ते दोघांकडे गेले. नातं जुळतं ते नव्याने झालेल्या आणि वाटून घेतलेल्या बदलावरून. जुनं सगळ्यांकडेच असतं, त्याचा उपयोग नाही.

डीएनए वाचणारे हेच करतात, फक्त लिस्ट अब्जावधी अक्षरांची आणि काम कॉम्प्युटरवर. पाठीचा कणा आहे म्हणून बेडूक आणि गाय जवळचे असं म्हणून चालत नाही, कणा तर माशालाही आहे. दूध पाजणं हा मात्र पुढे एकाच पातीत आलेला बदल, त्यावरून गाय आणि वटवाघूळ एका बाजूला येतात आणि चिमणी दुसऱ्या बाजूला, पंख असले तरी. पंख दोघांनी आपापले वेगळे कमावले.

दिसण्याने कसं फसतं याचं माझं सर्वात लाडकं उदाहरण आमच्या शेताच्या बांधावरच आहे. तिथे दोन निवडुंग आहेत. एक त्रिधारी, काटेवाला, मोडला की पांढरा चीक गळतो, डोळ्यात गेला तर बोंब. दुसरा फड्या निवडुंग, चपट्या फड्यांचा, लाल बोंडं येणारा, याला चीक नाही. दोन्ही निवडुंग, दोन्ही काटेरी, दोन्ही पाणी साठवणारे, आजी दोघांनाही एकाच सुरात शिव्या घालायची. पण फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला खरा कॅक्टस, आणि त्याचे नातेवाईक कोण तर राजगिरा, पालक, बीट ही मंडळी. त्रिधारी निवडुंग एरंडाच्या घराण्यातला, आणि त्याच घराण्यात तो कंद येतो ज्याच्यापासून साबुदाणा बनतो. म्हणजे एकादशीला ताटात साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू एकत्र आले की समजा दोन्ही निवडुंगांचे पाहुणे शेजारी बसलेत. कोरड्या जमिनीने दोघांकडून एकच अंगरखा शिवून घेतला, अंगात रक्त वेगळंच.

वहिनींना हे आवडलं. मग मी जोशात येऊन सांगितलं की मशरूम ही वनस्पती नाहीच, बुरशीची पाती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे, तेव्हापासून घरात मशरूमची भाजी बंद झालीय आणि दादा माझ्याशी नीट बोलत नाही.

हुरडा खाताना पण हेच चाललेलं. ज्वारी, मका आणि ऊस ही तिघं सख्खी म्हणावीत इतकी जवळची, आमच्या जिल्ह्यात ज्वारीचे आणि उसाचे शेतकरी पाण्यावरून भांडतात ती खरी भाऊबंदकी. बाजरी त्यांच्याच भावकीतली पण थोडी लांबची. गहू आणि भात दुसऱ्याच फांदीवर, आणि त्या फांदीवर बरोबर कोण तर बांबू. सगळे मिळून गवत. डाळिंबाचं ऐकून मात्र मला स्वतःलाच पहिल्यांदा धक्का बसला होता. डाळिंब, मेंदी, शिंगाडा आणि आपल्या राज्याचं फूल ताम्हण हे एका कुळातले आहेत. डाळिंबाला पूर्वी स्वतंत्र कूळ होतं, मग डीएनए बघितल्यावर त्याची रवानगी मेंदीच्या घरात झाली.

प्राण्यांत असा धक्का हवा असेल तर तरस घ्या. माळावर रात्री गाडीच्या उजेडात कधीतरी दिसतं, मागून बसकं, मानेवर आयाळ, आणि बघणारा प्रत्येकजण म्हणतो कुत्र्याची जात. कुत्र्याची नाही. मांसाहारी प्राण्यांच्या दोन मोठ्या पात्या, एकीत कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल, पाणमांजर. दुसरीत मांजर, वाघ, बिबट्या, उदमांजर, मुंगूस आणि तरस. आणि या दुसऱ्या पातीतही तरस मांजराला जवळचं नाही, मुंगसाला जवळचं. आमच्या शेतातल्या गंजीखालून पळणारं ते मुंगूस आणि हाडं फोडणारं तरस. पाणमांजर नाव मांजराचं पण पाती कुत्र्याकडची. मराठीने इथे घोळ घातलाय, नीलगाईला पास झालेली भाषा इथे नापास.

भाषेवरून आठवलं. सोलापुरात राहणाऱ्याला हे झाड समजायला खरं तर जीवशास्त्र लागूच नये. माझ्या बिल्डिंगमध्ये खाली तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब, वर कन्नड, समोर उर्दू, आणि सगळे सगळ्यांचं थोडं थोडं बोलतात. मराठीत अक्का, अण्णा असे कितीतरी शब्द कन्नडकडून आलेत म्हणून मराठी कन्नडची बहीण होत नाही, तिचं मूळ प्राकृतात, ती उर्दू-हिंदीच्या बाजूची. शब्द उसने घेतले, रक्त नाही. (जिवाणू पण असे एकमेकांकडून जीन्स उसने घेतात, त्यामुळे त्यांच्याकडे झाडापेक्षा जाळंच जास्त होतं, पण ते राहू दे.) आणि कन्नडच्या जवळचं कोण, तेलुगू की तमिळ? दुकानाच्या पाट्या बघितल्या तर कन्नड आणि तेलुगू लिपी जुळ्या वाटतात, तमिळ एकदम वेगळी. पण भाषेच्या झाडात कन्नड आणि तमिळ एका फाट्यावर, तेलुगू त्याआधीच वेगळी झालेली. मी हे खालच्या आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या असू दे, तरी पण मला वरच्यांचं कळतं, तमिळ पिक्चर कळत नाही. बरोबरच आहे त्यांचं. शेजाराने जवळीक येते, ती खरीच असते, पण ती वेगळी जवळीक.

ऑगस्ट श्लायखर नावाच्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने भाषांचं झाड १८५३ मध्येच छापलं होतं. डार्विनने त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, आपल्या वहीत एक वेडंवाकडं झाड काढून वर लिहिलं होतं 'मला वाटतं', आणि ते वाक्य तिथेच सोडून खाली चित्र. १८५९ च्या त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या प्रसिद्ध पुस्तकात आकृती एकच आहे, आणि ती पण फांद्यांचीच. त्यातल्या बऱ्याच फांद्या मध्येच संपतात, वरपर्यंत पोचतच नाहीत. हेळव्याच्या चोपडीत जसं निपुत्रिक लिहिलेलं असतं तसं. आतापर्यंत होऊन गेलेल्या प्रजातींपैकी बहुतेक सगळ्या अशा संपलेल्याच आहेत, आज दिसतात ते मूठभर शेंडे. डायनोसॉर मात्र पूर्ण संपले नाहीत, त्यांची एक पाती कोंबडी होऊन टिक्क्यात येते. आणि त्या पातीला आज जिवंत असलेला सर्वात जवळचा भाऊबंद म्हणजे मगर. मगर पालीसारखी दिसते पण पालीला परकी, कोंबडीला जवळची.

हेळव्याच्या चोपडीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्यात माझं नाव नाही. भाच्याचं आहे, दादाचं आहे, त्या निपुत्रिक मधल्याचं पण आहे, माझं नाही, आईचं नाही, आजीचं तर प्रश्नच नाही. मुलींची पाती लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं माझं लिहा की, हवे तर जास्त पैसे घ्या, तर तो कसनुसं हसला, म्हणाला अक्का, तुमची पाती तुमच्या सासरच्या हेळव्याकडे. म्हटलं मी लग्नच केलं नाही. तो जरा गोंधळला आणि चहा प्यायला.

पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे ऊर्जा बनवणारे छोटे भाग असतात, त्यांचा डीएनए फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात काही संबंध नाही. आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा हा धागा मागे नेत गेलं तर आफ्रिकेतल्या एका बाईपाशी पोचतो, दीड ते दोन लाख वर्षांपूर्वीच्या. ती तेव्हा एकटीच बाई नव्हती, बाकीच्या पण होत्या, त्यांची आई-ते-मुलगी अशी सलग साखळी कुठेतरी मुलगा होऊन तुटली इतकंच. म्हणजे ही बरोबर उलटी चोपडी. यात निपुत्रिक नाही, जिला मुलगी नाही तिची ओळ थांबते. खरा वंश अर्थात या दोन्हीपेक्षा मोठा आणि गुंतागुंतीचा, कुठल्याच एका चोपडीत मावत नाही, हे मी त्याला सांगणार होते पण तोपर्यंत तो बैल सोडायला लागला होता.

सोलापूरला आल्यावर भाच्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मोठं झाड काढलं. यात माणूस कडेला नाही, मध्येच कुठेतरी आहे, चिंपांझीशेजारी, आणि बाण एकही नाही. सगळं पेनने, फक्त माळढोक पेन्सिलने. कारण मी त्याला सांगितलं होतं की माळढोक उंच पायांचा, जमिनीवर चालणारा म्हणून लोकांना शहामृगासारखा वाटतो, पण शहामृगाची पाती पक्ष्यांत अगदी सुरुवातीलाच वेगळी झालेली, कोंबड्या-बदकांच्याही आधी. पूर्वी पुस्तकांत माळढोक क्रौंच पक्ष्यांच्या गणात असायचा. मग २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ताडून जे झाड आलं त्यात त्याच्या जातीला कोकिळेच्या जवळ जागा मिळाली. पक्ष्यांच्या या भागात फाटे फार भराभर फुटलेत, त्यामुळे शास्त्रज्ञ अजून वाद घालतायत. भाचा म्हणाला मग परत खोडावं लागलं तर?

कागद आता स्वयंपाकघरात फ्रीजवर लावलाय. काल वहिनी भाजी निवडता निवडता विचारत होत्या यात मेथी कुठे आहे. म्हटलं शेंगदाण्याच्या बाजूला येणार, तूर, हरभरा, चिंच, बाभूळ सगळे तिथेच, एक घराणं. पण तिथे जागाच उरली नव्हती, ज्वारीच्या मंडळींनी सगळं व्यापलेलं, मग त्याने सेलोटेप आणली आणि बाजूला मार्च महिना चिकटवला.